गोंदलेला पत्ता

१

इतवारी मडावी मेला त्या दुपारी क्रशर बंद होता. क्रशरच्या दर्शनी भागावर कुंकू होतं, झेंडूची माळ होती, आणि खाली फुटलेल्या नारळाचं पाणी अजून वाळलं नव्हतं. दोन हजार सातची खंडेनवमी. कोरपन्याकडच्या आमच्या सिमेंट कारखान्यात त्या दिवशी भट्टी सोडून सगळं बंद ठेवतात, अगदी ऑफिसातले कॉम्प्युटरसुद्धा. पूजा झालेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही.

म्हणून तर इतवारी आत शिरला. क्रशरमधून फुटलेला चुनखडीचा दगड पुढे नेणारा एक लांबलचक रबरी पट्टा आहे. त्याच्याखाली साचलेला दगड काढायला वर्षातून हाच एक निवांत दिवस मिळतो. एरवी आत जाणारा माणूस पट्ट्याच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली कमरेला खोचतो आणि मगच वाकून आत जातो. खंडेनवमीला मात्र कुणी कुलूप लावत नाही. आज यंत्र देवाचं, त्याला कोण हात लावणार? असं कुठे लिहिलेलं नाही, पण इतक्या वर्षांत कुणाला लिहायची गरजही वाटली नव्हती.

त्या दुपारी पट्टा सुरू झाला. मग थांबला. आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला. बाकीचे मजूर मंडपात पंगतीला बसले होते, भोंग्यावर गाणी लावलेली. इतवारीच्या हाका कुणाला ऐकू जायच्या?

"एकदा झालं तर त्याले चूक म्हनू मॅडम," फौजदार आत्राम मला म्हणाले. "दोनदा केलं तर चूक कशी म्हनू? तिनं थांबवलं, पाह्यलं, अन् पुन्हा चालू केलं. हे सरळ खुनाचं काम हाय."

ती म्हणजे नाहीद शेख. कंट्रोल रूममध्ये त्या वेळी ती एकटीच होती. आणि क्रशरच्या यंत्रणेत नोंद होती, की दोन्ही वेळचा हुकूम कंट्रोल रूममधल्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरून आला. त्या पत्त्याशिवाय क्रशर दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही. सुरक्षेसाठी आम्हीच तसा बंदोबस्त केला होता.

मी खुशबू रामटेके, मूळची वरोऱ्याची. नागपूरच्या मुख्य कार्यालयात कारखान्यांच्या नेटवर्कची सुरक्षा बघते. मला पाठवलं होतं ते एका ओळीच्या दाखल्यासाठी: नेटवर्कमध्ये काही दोष नाही. तो दिला की दुसऱ्या दिवशी नाहीदला अटक. अशा आयत्या सह्यांची मला मनापासून चीड आहे. मी म्हटलं, आधी माणसं बघते, मग दाखला.

२

नाहीद गडचांदूरला वडिलांकडे होती. नूर मोहम्मद यांचं बांगड्यांचं दुकान. त्या दिवशी ते बंदच होतं. दाराशी कुणीतरी शेण फेकलं होतं आणि म्हातारा ते खराट्यानं धूत होता. गावात काय बोललं जात होतं ते मला कारखान्याच्या फाटकावरच कळलं होतं. तिला पूजेचं काय सोयरसुतक, म्हणून तिनं देवाच्या यंत्राला हात लावला, आणि इतवारी गेला.

"बेटा, खरं काय ते सांगून दे मॅडमले," नूर मोहम्मद एवढंच बोलले आणि पुन्हा खराटा घेऊन बाहेर गेले.

नाहीद पंचविशीची असेल. डोळे सुजलेले, पण बोलणं नीट, क्रमानं. नोकरीत ती चांगली असणार हे मला तेव्हाच कळलं.

"मी एक नंबरवर बसली होती, भट्टीवाल्या. दोन नंबर क्रशरचा. तो बंद होता, त्याच्यावर हार होता. अचानक भिंतीवरचा लाल दिवा लागला. पट्टा फिरून राह्यला म्हणजे तो लागते. मी क्रशरले फोन लावला. कोणी उचललाच नाई. मग दिवा विझला."

"मग?"

"मी तशीच पाहत उभी राह्यली. पण जिवाले चैन पडेना. म्हणून पळत निघाली. अर्ध्या रस्त्यात होती, तर पट्ट्याचा आवाज पुन्हा आला."

"दोन नंबर सुरू करून पट्टा थांबवता आला असता ना?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पूजा झाल्यावर कॉम्प्युटर विभागाचे मंगेशभाऊ हसून म्हणाले होते, 'ताई, दोन नंबरले आज हात नको लावू हं.' मी कशाले लावू मॅडम? लोक काय म्हणतील, हे मले कोणी शिकवावं लागत नाई."

परतताना वाटेत इतवारीचं घर लागतं. त्याची बायको बायनाबाई अंगणात बसली होती. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट गोंदण. ती रडत नव्हती, आणि ते मला जास्त जड गेलं. मी कोण, कशाला आले, हे तिनं विचारलंही नाही. आपणच बोलू लागली.

"धुताना पाह्यलं बाई. उजवा तळहात कापला होता. दोरीनं कापते तसा. पोलिसाले सांगतली. तो म्हनते, आता दोरीचं काय घेऊन बसली."

मीही तेव्हा काही घेऊन बसले नाही. हातावरचं ते गोंदण मात्र डोळ्यांपुढून जाईना.

३

कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख मंगेश उपगन्लावार माझी वाट बघत होता. चंद्रपूरच्या कॉलेजात तो माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे होता. माझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज यानंच तपासून दिला होता. कुणाच्याही अडीनडीला धावणारा, सगळ्यांचा लाडका माणूस.

"काऊन गं खुशबू, किती वाळली तू!" म्हणत त्यानं चहा मागवला आणि मला ऑफिस दाखवलं.

तपासासाठी सगळं होतं तसंच ठेवलं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरवर झेंडूची सुकलेली माळ, समोर कुंकवाचा टिळा. एका कॉम्प्युटरच्या डब्यामागे वाकून बघितलं तर तिथंही हळदकुंकू. नेटवर्कची वायर ज्या कार्डात खुपसतात, त्या कार्डाच्या पत्र्यावर, बरोबर खाचेच्या वर, बोटानं लावलेलं.

"हे काय?"

"वायरीतूनच सारा जीव येते ना त्याच्यात," मंगेश हसला. "म्हणून तिथी पण लावतो. दरवर्षी मीच लावतो, ह्या बोटानं."

मलाही हसू आलं. पुढच्या दहा-बारा कॉम्प्युटरांमागे मी उगाच डोकावले, सगळीकडे तोच टिळा. मॅनेजर भागवत साहेबांच्या केबिनमध्येही आणि मंगेशच्या टेबलावरही.

फक्त एका खोलीत माळ नव्हती आणि कुंकूही नव्हतं. ती विजेच्या विभागाचे फोरमन वामनराव खोब्रागडे यांची. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध.

"आपल्या इथी पूजाबिजा नाई पोरी," वामनराव म्हणाले. "मी हात जोडून सांगतलं, तुमचं तुमच्यापाशी. ते आले पन नाई. मी त्या दिवशी कॉम्प्युटर बंद करून घरी गेलतो. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीले निघाचं होतं, तयारी करून राह्यलतो."

"घरी आणखी कोण होतं?"

"कोणीच नाई. बायको आधीच नागपूरले गेलती." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "काऊन? माझ्यावर बी हाय का डोळा?"

मी त्यांचं म्हणणं वहीत टिपून घेतलं.

नेटवर्कच्या नोंदी मागितल्या तर मंगेशनं डोक्याला हात लावला. दसऱ्याला वीज गेली आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या स्विचांच्या पोटातलं सगळं पुसलं गेलं. सगळ्याच स्विचांतलं. मला ते पटलं नाही, पण आमच्या भागात वीज जाते हे कोण नाकारणार?

संध्याकाळी भागवत साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो. साहेब, मंगेश, वामनराव, फौजदार आत्राम आणि मी. साहेबांनी दाखल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"सही नाही करत," मी म्हटलं. "अजून एक साक्षीदार बाकी आहे."

कारखान्याचं नेटवर्क आम्ही त्या वर्षी नव्या प्रोटोकॉलवर, म्हणजे पत्ते देण्याच्या नव्या नियमांवर, न्यायला घेतलं होतं. जुने पत्ते जगभर संपत आलेत, म्हणून ही नवी पद्धत. दोन्ही पद्धती एकाच वायरीवर, शेजारी शेजारी चालतात.

"पण नवा चालू कुठी केला आपण?" मंगेश म्हणाला. "त्याचं काम पुढच्या महिन्यात."

"कामाला लावला नाही. पण प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकलाय ना तुम्ही? टाकला की तो आपणहून जागा होतो. कॉम्प्युटर सुरू झाला रे झाला, की तो शेजारपाजाऱ्यांना ओरडून आपला नवा पत्ता सांगतो. आणि ही ओरड टिपून घ्यायला आम्ही उन्हाळ्यात कंट्रोल रूमच्या कपाटात एक डबा ठेवून गेलो होतो. त्याला बॅटरी आहे. विजेशी त्याचं देणंघेणं नाही."

आत्रामांच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळलं नसावं. मग मला बायनाबाईचा हात आठवला.

"जुना पत्ता म्हणजे टोपी, साहेब. तुमची काढून मी घालू शकते. तुम्ही झोपला असाल तर तुम्हाला कळणारही नाही. आमच्याकडच्या कॉम्प्युटरांचा नवा पत्ता म्हणजे गोंदण. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ते बनवणाऱ्या कंपनीकडूनच एक नंबर मिळतो. हा पत्ता त्या नंबरातूनच तयार होतो. टोपी बदलली तरी गोंदण तेच राहतं."

"मग काय म्हनते तुमचा डबा?"

"दोन नंबर त्या दिवशी पूजेनंतर उठलाच नाही. नाहीद खरं बोलते आहे. पण सगळे झोपलेले असताना, पट्टा हलायच्या जरा आधी, एक कॉम्प्युटर उठला. त्यानं दोन नंबरची टोपी घातली आणि क्रशरला हुकूम सोडला. त्याच्या कार्डाचा नंबर माझ्याकडे आहे. आता एकेक कार्ड बघायचं."

"आज नको," भागवत साहेब घड्याळ बघत म्हणाले. "उशीर झालाय. खोल्यांना कुलपं लागली. उद्या सकाळी सगळ्यांसमोर बघा."

खरं म्हणजे मी तेव्हाच हट्टाला पेटायला हवं होतं.

४

सकाळी आम्ही एकेक कॉम्प्युटर सुरू करत निघालो. मी नंबर वाचायचा, आत्रामांनी चिठ्ठीवरच्या नंबराशी ताडून बघायचा. साहेबांचा जुळला नाही. हिशेब विभागातला एकही जुळला नाही. मंगेशचा जुळला नाही, आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते.

नंबर जुळला तो वामनरावांच्या खोलीत.

आत्रामांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि वामनरावांचं मनगट धरलं.

"मी नाई हो," वामनराव म्हणाले. "मी घरी होतो. तीस वर्ष झाली मले इथी, कोन्या माणसाच्या अंगावर मी मशीन चालू करीन?"

बाहेर बातमी पोचायला वेळ लागला नाही. दारात माणसं जमली. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणूनच पूजा नाई करू दिली यानं." माझ्या कानशिलात रक्त चढलं. काल नाहीद, आज वामनराव. वेगळं असणं एवढाच गुन्हा या लोकांना पुरत होता. पण रागावून पुरावा बदलत नाही. नंबर समोर होता, आणि नंबर काढला होता मीच.

मंगेश माझ्या खांद्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "वाईट झालं गं. चांगला माणूस होता."

होता. माणूस समोर उभा होता आणि मंगेश त्याला 'होता' म्हणत होता.

"साहेब, थांबा," मी आत्रामांना म्हटलं. "मला हे कार्ड बाहेर काढून बघायचंय."

"नंबर तर जुळला ना?"

"नंबर कार्डाचा जुळलाय. कार्ड या डब्यातलंच आहे कशावरून?"

मी डबा फिरवला, मागची वायर उपसली आणि झाकण उघडलं. कार्ड दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेलं. उन्हात बघितलं आणि ते आत्रामांच्या तळहातावर ठेवलं.

५

कार्डाच्या पत्र्यावर, खाचेच्या बरोबर वर, हळदकुंकवाचं बोट होतं.

"वामनराव, तुमच्या खोलीत पूजा झाली होती?"

"नाई म्हनलं ना. सारा कारखाना सांगीन."

"ह्या वर्षी नाही, तर आधी कधी?"

"कधीच नाई."

"मग या कार्डाची पूजा कुठे झाली?"

मी आत्रामांना घेऊन बाकीच्या खोल्यांतून पुन्हा फिरले. या वेळी नंबर वाचला नाही. फक्त वायर उपसून मागे बघायचं. साहेबांच्या डब्यामागे कुंकू होतं. हिशेब विभागात सगळीकडे होतं. शेवटी आम्ही मंगेशच्या टेबलाशी आलो. समोर माळ आणि ठसठशीत टिळा. मागे वायर काढली, तर कार्डाचा पत्रा स्वच्छ.

"काल संध्याकाळी मी गोंदणाची गोष्ट केबिनमध्ये सांगितली," मी म्हटलं. "ऐकणारे चौघंच. खोल्यांच्या किल्ल्या तुझ्याकडे असतात, मंगेशभाऊ. तू तुझं कार्ड वामनरावांच्या डब्यात घातलंस आणि त्यांचं तुझ्यात. पण त्या कार्डावर तुझाच टिळा होता. आणि तुला तो दिसलाही नसणार. दरवर्षी तूच लावतोस, डोळ्यांना सवय झालेली."

तो खुर्चीत बसला. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा त्यानं केला नाही, आणि त्यामुळे मला अधिकच राग आला.

"मले त्याले मारायचं नव्हतं खुशबू," तो म्हणाला. "नव्या स्विचांतून क्रशर हुकूम घेते का, तेवढंच पाहाचं होतं. एरवी पट्टा थांबत कुठी? तुमचंच नागपूरचं ऑफिस रोज फोन करून राह्यलं होतं, कधी होते, कधी होते. क्रशर दोन नंबरशिवाय कोणाचं ऐकत नाई. दोन नंबर बंदच होता. म्हटलं, दोन मिनिटं त्याचा पत्ता लावतो, पाहतो अन् काढून टाकतो. आत कोणी असंल हे डोक्यातच नाई आलं. देवाचा दिवस होता."

"पट्टा एकदा फिरला. झालं तुझं काम. दुसऱ्यांदा कशाला?"

"तो मधेच बंद पडला ना. मले वाटलं नेटवर्क अटकलं. हुकूम जात नाईये वाटलं की आपण काय करतो? पुन्हा पाठवतो. पाठवत राह्यलो. क्रशर घेईचना. वायरी पाह्यल्या, पुन्हा पाठवला. मग एकदाचा घेतला."

मला बायनाबाई आठवली.

"वामनराव," मी विचारलं, "पट्ट्याच्या कडेनं ती दोरी असते ना, संकटात ओढायची?"

"हाय ना. ओढली की पट्टा बंद. धरून ठेवली तोवर कोनाच्याच हुकमानं चालत नाई. सोडली की आपोआप मोकळा. जुन्या पद्धतीची हाय ते. बदला म्हनून मी साहेबाले किती डाव सांगतलं."

भागवत साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"इतवारीचा उजवा तळहात दोरीनं कापला होता," मी म्हटलं. "पहिल्यांदा पट्टा फिरला तेव्हा तो अडकला. त्यानं दोरी ओढली आणि धरून ठेवली. हाका मारल्या असतील, पण भोंगा चालू होता. तू इकडून हुकूम पाठवत होतास, मंगेशभाऊ, आणि तो तिकडे दोरी धरून होता. हात सुटला तेव्हा तुझा हुकूम गेला."

मंगेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वामनराव भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे रडू लागले. या माणसानं काही तासांपूर्वी त्यांना फासावर चढवायची तयारी केली होती, आणि ते रडत होते ते इतवारीसाठी.

"अन् त्या पोरीले काऊन अडकू दिलं?" आत्रामांनी विचारलं.

"मी सांगणारच होतो," मंगेश म्हणाला. "पण लोकच म्हणू लागले की तिनं हात लावला. मग मी गप्प राह्यलो."

६

संध्याकाळी मी गडचांदूरला गेले. नूर मोहम्मद यांना आत्रामांचा निरोप आधीच पोचला होता. त्यांनी दुकानाचं अर्धं दार उघडलं होतं, पण गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि नुसतेच धरून ठेवले.

नाहीदनं सगळं ऐकून घेतलं. दोरीचं सांगताना मी अडखळले, पण तिनं पुढे सांगायला लावलं. मग तिनं एकच प्रश्न विचारला. ती त्याच कामातली, तिला तो सुचणारच होता.

"मॅडम, मंगेशभाऊनं दोन नंबरचा पत्ता घेतला होता. त्याच वेळी मी दोन नंबर चालू केला असता तर?"

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

"एक पत्ता दोघांनी घेतला की दोघांच्याही पडद्यावर इशारा येतो. त्याला कळलं असतं की कंट्रोल रूममध्ये कुणीतरी जागं आहे. त्यानं हात आवरला असता."

"मधे वेळ होता," ती म्हणाली. "दिवा विझला होता. माझा हात बटनापर्यंत गेला होता मॅडम. हाराले लागू नये म्हणून मी मागं घेतला."

बाहेर दुकानासमोरून दोन बाया गेल्या. आत बघून आपसात कुजबुजल्या. नाहीदनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"सारं गाव म्हणून राह्यलं होतं, मी मशीनले हात लावला म्हणून इतवारीभाऊ मेला," ती म्हणाली. "लावला असता तर तो जिता राह्यला असता."